सायनसचं दुसऱ्यांदा ऑपरेशन सांगितलंय, करू की नको?

हळदवाला_सांगली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा ही विनंती. वय ४१, सांगलीत मार्केट यार्डात हळदीचा व्यवसाय. दहा-बारा वर्षांपासून नाकाचा त्रास आहे, आधी नुसतं पडसं वाटायचं मग नाक कायमच गच्च राहायला लागलं. २०१८ ला दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दोन्ही बाजूला मास वाढलेलं होतं, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, ते काढलं. त्यानंतर दोन वर्षं इतकं बरं वाटलं की मी विसरूनच गेलो की मला काही होतं. वास परत आला होता. आमच्या धंद्यात वास म्हणजे निम्मं काम, राजापुरी हळद ओली आहे की नीट वाळलीय हे मी पोतं उघडल्या उघडल्या सांगायचो.

२०२१ पासून परत सुरू झालं. आता तीन वर्षं झाली वास शून्य. गेल्या महिन्यात गॅसचं बटण अर्धवट चालू राहिलेलं आणि मी तिथंच ओट्याजवळ चहा पीत उभा, बायको बाहेरून आली आणि ओरडलीच. त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी धोशा लावलाय की आता काहीतरी कर. रात्री तोंडाने श्वास, घसा कोरडा पडतो, सकाळी घशात मागून चिकट पिवळं उतरतं. २०२० पासून दम्याचा पंप पण चालू आहे, दम तसा फार नाही. स्टेरॉईडच्या गोळ्यांचे दोन वर्षांत चार कोर्स झाले, गोळी चालू केली की चौथ्या दिवशी नाक मोकळं, वास पण येतो, बंद केली की पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. आणि आता शुगर पण बॉर्डरला आलीय.

दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले परत ऑपरेशन करावं लागेल, या वेळी नेव्हिगेशन (आत हत्यार नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारं मशीन) लावून करू, खर्च दीड लाखाच्या पुढे. दुसरे म्हणाले ऑपरेशन करून परत येणारच, आता नवीन इंजेक्शन आलीत पण महाग आहेत. मी पार गोंधळलोय. एकदा करून परत आलं म्हणजे पहिलं चुकलं होतं का? दुसऱ्यांदा केलं तर तिसऱ्यांदा करावं लागणार नाही याची काय खात्री? धुळीत काम आहे ते सोडू शकत नाही. मागच्या वर्षी पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनची गोळी आणून घेतली तर तासाभरात नाक गच्च आणि दम लागून रात्री वाफ घ्यायला दवाखान्यात न्यावं लागलं, ते पण धुळीनेच झालं असं सांगितलं. कुणाला दुसऱ्या ऑपरेशनचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

नागपूरची_ताई

दादा, माझी तीन झालीत, म्हणून लिहिते. २०१२, २०१६ आणि २०२१. माझं ॲलर्जिक फंगल म्हणतात ते होतं. तिसऱ्या वेळी २०२१ चा जून होता, रिपोर्टवर फंगस शब्द दिसला आणि घरी रडारड सुरू झाली, कारण तेव्हा नागपुरात घरोघरी काळ्या बुरशीच्या बातम्या, ओळखीतल्या एकांचा डोळा काढावा लागलेला. डॉक्टरांनी अर्धा तास बसवून समजावलं की हे ते नव्हे. काळी बुरशी शरीरात घुसते आणि दिवसांत जिवावर येते, माझ्यात बुरशी नुसती नाकातल्या चिकट घाणीत बसलेली असते आणि शरीर तिच्यावर चिडून चिडून सूज आणतं. ऑपरेशनमध्ये जे निघालं ते शेंगदाण्याचं कूट तेल सुटेपर्यंत वाटल्यावर दिसतं तसं, घट्ट आणि तपकिरी. डबीत घालून दाखवलं होतं मला.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. पहिल्या दोन ऑपरेशननंतर मी बरी झाले आणि फॉलोअपला जायचं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, पण बरं वाटतंय तर कशाला नागपुरात ट्रॅफिकमधून तासभर जा. नाक धुवायची बाटली कपाटात गेली. दुसऱ्या खेपेला चार वर्षांनी परत नाक बंद, तिसऱ्याला पाच वर्षांनी. तिसऱ्यानंतर मात्र पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जाऊन खपल्या साफ करून घेतल्या (दुखतं, खोटं बोलणार नाही) आणि तेव्हापासून आजपर्यंत दोन वेळा नाक धुते, एका वेळच्या पाण्यात बुडेसोनाइडचं, म्हणजे स्टेरॉईड औषधाचं, ते छोटं रेस्प्यूल (प्लास्टिकची कुपी) टाकून. वर्षातून दोनदा दुर्बीण घालून बघतात. मध्ये दोनदा जरासं फुगलेलं दिसलं तेव्हा तिथल्या तिथे औषध वाढवलं आणि बसलं. चौथं लागलं नाही अजून.

तुम्ही ऑपरेशननंतर धूत होता का? किती दिवस?

हळदवाला_सांगली

ताई खरं सांगतो, तीन-चार महिने. मग सीझन सुरू झाला आणि राहिलंच. स्प्रे पण नाक बंद वाटलं तरच मारायचो.

ईएनटी_वाला

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, हेच काम करतो. इथे बसून तुमचा इलाज करणं बरोबर नाही आणि करणार पण नाही, पण तुमच्या पोस्टमधली एक ओळ वाचून थांबलो म्हणून लिहितोय, ती शेवटची आयबुप्रोफेनची.

पॉलिप, दमा आणि आयबुप्रोफेन घेतल्यावर तासाभरात नाक बंद होऊन दम लागणं, या तीन गोष्टी एका माणसात असल्या की त्याला सॅमटर्स ट्रायड म्हणतात, हल्ली ॲस्पिरिनने चिघळणारा श्वसनाचा आजार असं लांबलचक नाव आहे. रिॲक्शन साधारण अर्ध्या तासापासून तीन तासांत येते. मॅक्स सॅमटर यांनी १९६८ मध्ये यावर लिहिलं म्हणून त्यांचं नाव, पण फ्रान्समध्ये १९२२ सालीच हे नोंदवलं गेलं होतं. म्हणजे शंभर वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे आणि तरी रोज सुटते, कारण पेशंट दुखण्याची गोळी ही गोष्ट नाकाच्या डॉक्टरला सांगतच नाही आणि डॉक्टरही विचारत नाही. तुम्हाला तेच असेल असं मी ठाम म्हणत नाही. पण तुमच्या दोन्ही डॉक्टरांना ही घटना सांगा, आणि तोपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यातलं काहीही घेऊ नका. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक गोळ्या मिश्रण असतात, पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, त्यामुळे पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. नुसती पॅरासिटामॉल ५०० ची गोळी बहुतेकांना चालते.

आता तुमचा मूळ प्रश्न, पहिलं चुकलं होतं का. दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात. एक म्हणजे ऑपरेशन अपुरं राहिलं का. दोन डोळ्यांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक हाडांचे कप्पे असतात, एथमॉइड म्हणतात, ते उघडायचे राहिले, किंवा गालाच्या सायनसचं खरं तोंड न सापडता बाजूलाच भोक पडलं तर शेंबूड एका भोकातून बाहेर येऊन दुसऱ्यातून परत आत जातो, गोल गोल फिरत राहतो. कधी मधलं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतली हाडाची घडी, बाजूला सरकून चिकटतं आणि कपाळाच्या सायनसची वाट बंद होते. हे सगळं सिटी स्कॅनमध्ये आणि दुर्बिणीत दिसतं आणि ते दुरुस्त करता येतं. जुन्या डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय ते काढून बघा. नुसतं पॉलिपेक्टमी असेल तर फक्त मास काढलं, कप्पे उघडले नाहीत. तण वरून कापलं आणि मुळं राहिली, तसं.

दुसरी गोष्ट म्हणजे आजारच चिवट असणं. पॉलिपवाला सायनस हा अस्तराचा आजार आहे, आतल्या त्वचेला कायमची सूज, ऑपरेशनने ती प्रवृत्ती जात नाही. आम्ही करतो ते एवढंच की घाण काढतो, पॉलिप काढतो आणि दारं इतकी मोठी करतो की औषध आत पोचेल. बंद नाकात कितीही स्प्रे मारला तरी तो पुढच्या भागातच राहतो. म्हणजे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून खरा इलाज सुरू होतो आणि नेमका तिथेच तुम्ही सोडला. दोष द्यायला लिहीत नाही, आम्ही डॉक्टर लोक पण डिस्चार्जच्या घाईत हे दोन वाक्यांत सांगून मोकळे होतो, ही आमची चूक आहे असं मला मनापासून वाटतं.

आकडे विचारले नाहीत पण सांगतो. २०२० मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब आहे, त्यात पॉलिपच्या पेशंटपैकी साधारण १८ ते १९ टक्क्यांना पुढच्या काही वर्षांत परत ऑपरेशन लागलं, ज्यांना ॲस्पिरिनचा त्रास त्यांच्यात सुमारे २७ टक्के, ॲलर्जिक फंगलवाल्यांत, म्हणजे वरच्या ताईंच्या प्रकारात, सुमारे २९. बेल्जियममधल्या गेंटच्या डॉक्टरांनी पेशंट १२ वर्षं धरून ठेवले तर जवळपास ७९ टक्क्यांत पॉलिप परत दिसले पण पुन्हा ऑपरेशन ३७ टक्क्यांनाच लागलं. या दोन आकड्यांच्या मधला जो फरक आहे तो नीट बघा. पॉलिप परत दिसणं आणि परत टेबलावर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधली जागा रोजच्या औषधाची आहे. तिसऱ्यांदा लागणार नाही याची खात्री कुणी देत असेल तर मला तरी ते पटणार नाही.

नेव्हिगेशनबद्दल, ते उगाच खर्च वाढवायला सांगितलं असं समजू नका. एकदा ऑपरेशन झालेल्या नाकात ओळखीच्या खुणा राहत नाहीत, व्रण असतात, आणि पातळ हाडाच्या एका बाजूला डोळा, वर मेंदू. मोठी गुंतागुंत, म्हणजे डोळ्यात रक्तस्राव किंवा मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं, अनुभवी हातात शंभरात एकापेक्षाही कमी वेळा होते, पण दुसऱ्या ऑपरेशनला कसलेला माणूस शोधा, अशी दुरुस्तीची ऑपरेशनं किती केलीत हे सरळ विचारा. विचारल्याचा चांगल्या सर्जनला राग येत नाही.

अलिबागचे_काका

माझं वय ६८. मी तर म्हणेन ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. मला पण सायनस होता, पंचवीस वर्षं रोज सकाळी जलनेती करतोय, आणि दोन थेंब गाईचं तूप. एक गोळी नाही. निसर्गाने दिलेलं नाक आहे ते कापून काय होणार.

ईएनटी_वाला

काका, नेती चांगलीच, आम्ही सलाइनने धुवायला सांगतो ते तेच आहे आणि सगळ्या मार्गदर्शिकांमध्ये ते पहिल्या पायरीवर आहे. पण पॉलिपने पूर्ण भरलेल्या नाकात पाणी पलीकडे जातच नाही. तुमचा सायनस आणि यांचा सायनस, नाव एक असलं तरी आजार एक नाही. यांचा त्रास तुमच्या पद्धतीने थांबला नाही म्हणून यांचं काही चुकलं असं होत नाही.

आणि सगळ्यांसाठी, नेती असो की बाटली, नळाचं किंवा विहिरीचं पाणी थेट नाकात घालू नका. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, मग झाकून कोमट होऊ द्या. केरळात पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दुर्मिळ आहे पण झाला तर बहुतेक वाचत नाहीत, आणि पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात.

अलिबागचे_काका

पाणी मी उकळूनच घेतो. मास भरलेलं असेल तर वेगळं, ते मला माहीत नव्हतं.

दाताची_डॉक्टर

थोडंसंच लिहिते. प्रश्न विचारणाऱ्यांचं दोन्ही बाजूंना आहे त्यामुळे त्यांना बहुधा लागू नाही, पण हे वाचणारं कुणी असेल ज्यांचा सायनस फक्त एकाच बाजूचा आहे, घाण वास येणारा पू येतो आणि ऑपरेशन करूनही परत परत होतं, त्यांनी वरच्या दाढा तपासून घ्या. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असतात. रूट कॅनाल केलेली जुनी दाढ आतून सडत असते, दुखत नाही, आणि वर सायनसमध्ये पू भरत राहतो. दाढेचा इलाज केल्याशिवाय नाकाचं कितीही ऑपरेशन करा ते थांबत नाही. माझ्याकडे अशा एक आजी आल्या होत्या, दोन ऑपरेशनं झाल्यावर.

न्यूजर्सीकर

इंजेक्शनबद्दल मी लिहू शकतो. मूळचा सोलापूरचा, इथे अठरा वर्षं. दोन ऑपरेशनं झाली, एक पुण्यात एक इथे, दुसऱ्यानंतर दीड वर्षात परत नाक भरलं. मग डुपिलुमॅब सुरू केलं. इथे पॉलिपसाठी त्याला जून २०१९ मध्ये मान्यता मिळाली, दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर स्वतःच टोचायचं. मला तिसऱ्या इंजेक्शननंतर एक दिवस ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास आला, मी सहाव्या मजल्यावर उतरायचं सोडून तसाच वर गेलो, चार वर्षांनी काहीतरी आलं होतं नाकात. त्यामुळे माझ्यासाठी ते मोठंच आहे.

पण दुसरी बाजू पण सांगतो. इन्शुरन्सने दोन वेळा नाकारलं, मग डॉक्टरांनी पत्रं लिहून मंजूर झालं, स्वतःच्या खिशातून घ्यायचं असतं तर जमलंच नसतं. आणि ते बरं करत नाही, चालू आहे तोवर दाबून ठेवतं. त्यांच्या मोठ्या ट्रायलमध्येच २४ आठवड्यांनी बंद केलेल्यांचे त्रास हळूहळू परत आले. मी मध्ये इन्शुरन्स बदलताना तीन महिने गॅप पडला तेव्हा माझं पण तसंच झालं. त्यामुळे तुम्ही आयुष्यभराचा खर्च धरूनच हिशोब करा. भारतातले दर मला माहीत नाहीत, तिथल्या डॉक्टरांकडून वर्षाचा पूर्ण आकडा लिहून घ्या, एका इंजेक्शनचा नको.

ईएनटी_वाला

बरोबर लिहिलंय. युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत इंजेक्शन कुणाला द्यायचं याची चाळणी आहे: दोन्ही बाजूंना पॉलिप, आधी ऑपरेशन झालेलं, आणि पाचपैकी तीन गोष्टी. रक्तात किंवा काढलेल्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल (अशा सुजेत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, वर्षात दोन किंवा जास्त वेळा स्टेरॉईडच्या गोळ्या लागणं, त्रासाची प्रश्नावली आहे २२ प्रश्नांची ११० गुणांची त्यात ४० किंवा वर, वास पूर्ण गेलेला, आणि दमा. सांगलीकरांचं बघितलं तर त्यातल्या तीन गोष्टी त्यांच्या पोस्टमध्येच आहेत. म्हणजे ज्यांनी इंजेक्शन सुचवलं ते पण चुकीचं बोलले नाहीत आणि ज्यांनी ऑपरेशन सुचवलं ते पण नाहीत. पहिलं ऑपरेशन अर्धवट असेल तर आधी ते पूर्ण करणं, मग औषधाने धुणं, आणि तरी आलं तर इंजेक्शन, हा क्रम आपल्याकडच्या खिशाला धरून मला जास्त बरोबर वाटतो. ॲस्पिरिनचा त्रास पक्का झाला तर ऑपरेशननंतर दवाखान्यात ठेवून ॲस्पिरिनचीच सवय लावायची एक पद्धत आहे, थोड्या थोड्या डोसने वाढवत, ती पण विचारा. घरी अजिबात करू नका.

हळदवाला_सांगली

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. जुनी फाईल सापडली. डिस्चार्ज कार्डवर पॉलिपेक्टमी आणि गालाच्या सायनसचं तोंड मोठं केलं एवढंच लिहिलंय. नवीन सिटी घेऊन गेलो तर पहिल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, ते पोळ्यासारखे कप्पे सगळे जागच्या जागी आहेत, भरलेले, कपाळाच्या वाटेला कुणी हातच लावलेला नाही. गोळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले हे आधी का नाही सांगितलं. मी काय सांगणार, मला वाटलं पाठीची गोळी, नाकाशी काय संबंध. रक्तात इओसिनोफिल ७८० आले, म्हणजे जास्तच. छातीच्या डॉक्टरांनी पंप बदलून दिला, म्हणाले आधी दमा नीट ताब्यात येऊ दे मगच भूल.

पुढच्या महिन्यात ऑपरेशनचं ठरलंय. खर्चाचं म्हणाल तर मेडिक्लेम आहे, पहिल्यांदा नकार आलेला कारण नाक-कानाच्या आजारांना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड होता, तो आता संपलाय. इंजेक्शन सध्या नाही. यार्डात पोती फोडताना मास्क लावायला सुरुवात केलीय, आमच्या हमालांना पण आणून दिले.

ईएनटी_वाला

चांगलं केलंत. एकच गोष्ट, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः तोंडाने सांगा, फाईलवर लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. ऑपरेशननंतर दुखतंय म्हटलं की रात्रीच्या ड्युटीवरची सिस्टर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देते, सगळीकडे तीच पद्धत आहे. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या आणि रात्री जवळ जे कुणी थांबणार असेल त्यांना पण माहीत पाहिजे.

हळदवाला_सांगली

बायकोने चारी गोळ्यांची नावं मराठीत लिहून माझ्या पाकिटात आणि तिच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलीत. रात्री तीच थांबणार आहे. नागपूरच्या ताई, एक विचारायचं होतं, धुताना कान दुखतो का हो? गेल्या वेळी मला तेच व्हायचं, सोडायला ते पण एक कारण होतं.

नागपूरची_ताई

बाटली जोरात दाबत असाल. हळू दाबा, तोंड उघडं ठेवा, धूत असताना गिळू नका. आणि पाणी गार नको, मनगटावर टाकून कोमट लागलं पाहिजे, लहान बाळाचं दूध बघतो तसं. धुऊन झालं की लगेच जोरात शिंकरू नका, दोन मिनिटं वाकून नुसतं गळू द्या. ऑपरेशननंतर तर पहिले काही दिवस नाक शिंकरायचंच नाही, ते डॉक्टर सांगतीलच. तारीख कळवा.

हळदवाला_सांगली

१४ तारीख, सकाळी पहिलंच आहे. कळवतो.